'सखा', 'लाडका' आणि 'डार्लिंग' : प्रियवाचक शब्दांच्या निवडीचा प्रश्न

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर काटेवाडी हे गाव लागते. आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून येथे येते, तेव्हा परीट समाजाची मंडळी वाटेवर धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि धनगर आपल्या मेंढ्यांचे रिंगण पालखीभोवती धरतात. हा सोहळा अनेकांनी वर्णिला आहे. भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष मात्र त्या गर्दीत अखंड ऐकू येणाऱ्या एका शब्दाकडे जावे, तो शब्द म्हणजे 'माउली'. वारकरी ज्ञानदेवांना माउली म्हणतो, विठ्ठलाला माउली म्हणतो. आणि 'माउली, जरा सरका' असे म्हणताना समोर बाई आहे की बाप्या, ओळखीचा आहे की अनोळखी, याचा विचारही करीत नाही. हा शब्द इंग्रजीत न्यावयाचा झाल्यास काय लिहावे? 'मदर' म्हटले तर खांद्यावर पताका घेतलेला मिशाळ गृहस्थ आडवा येतो. 'फ्रेंड' म्हटले तर पूज्यभाव गळतो. 'डिअर' म्हटले तर सारेच हास्यास्पद होते. 'बिलव्हेड' शब्दाने ओलावा येतो, पण तो वारीतला नव्हे.

पदव्युत्तर वर्गात ओव्यांचे वा अभंगांचे इंग्रजी भाषांतर करावयास दिले की ही अडचण हटकून उभी राहते. विद्यार्थी कोश उघडतो. कोशात 'डिअर', 'डार्लिंग', 'बिलव्हेड', 'स्वीटहार्ट' या शब्दांपुढे प्रिय, लाडका, आवडता, जिवलग, प्राणप्रिय अशी पर्यायांची रांग कमीअधिक फरकाने सारखीच उभी असते. त्यावरून हे शब्द परस्परांचे समानार्थी आहेत आणि फरक असलाच तर तो प्रेमाच्या मात्रेचा आहे, असा समज होतो. प्रस्तुत लेखात या समजाची तपासणी करावयाची आहे. लेखकाच्या मते येथे प्रश्न प्रेमाच्या मात्रेचा नाही. कोण, कोणाला आणि कोणादेखत म्हणतो, हा प्रश्न आहे. इंग्रजी आणि मराठी या दोन भाषांनी या तीन गोष्टींची वाटणी निरनिराळ्या तऱ्हेने केली आहे.

कोशकारांना दोष देण्याचा येथे हेतू नाही. मोल्सवर्थने १८३१ साली प्रसिद्ध झालेल्या आणि १८५७ साली सुधारून वाढविलेल्या आपल्या मराठी-इंग्रजी कोशात शब्दांच्या वापराविषयी ज्या टिपा दिल्या आहेत, त्या आजही मराठी माणसाला शिकवून जातात. १८४७ च्या इंग्रजी-मराठी कोशात थॉमस कँडीने उलट दिशेचे काम पुरे केले. परंतु द्वैभाषिक कोशाचा साचाच असा असतो की, शब्दाला शब्द देता येतो; तो शब्द सासूसमोर उच्चारता येईल की नाही, हे सांगता येत नाही.

प्रथम इंग्रजी शब्दांकडे पाहू. 'डिअर' या शब्दाला महाग आणि प्रिय असे दोन अर्थ आहेत आणि दोन्ही मूळ 'मोलाचा' या एकाच कल्पनेतून आले आहेत. आपल्याकडेही 'लाखमोलाचा' म्हणताना हीच कल्पना काम करते. फक्त 'महाग' हा शब्द आपण माणसाला प्रेमाने लावीत नाही. पत्रव्यवहारात मात्र 'डिअर' इतका झिजला आहे की, कर्ज नाकारणारी बँकही पत्राचा आरंभ त्यानेच करते. अशा झिजलेल्या शब्दात ऊब आणावयाची तर त्याला जोड द्यावी लागते. 'माय' लावावा लागतो, 'डिअरेस्ट' करावे लागते. नुसता 'डिअर' संबोधन म्हणून तोंडी वापरला तर वृद्ध दांपत्याच्या संसाराचा किंवा वडीलधाऱ्या स्त्रीच्या मायेचा सूर लागतो.

'डार्लिंग' हा त्याच घराण्यातला शब्द आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. जुन्या इंग्रजीत 'डिअर'च्या पूर्वरूपाला 'लिंग' हा प्रत्यय लागून तो बनला. मूळ अर्थ 'लाडका जीव' असा, आणि तो मुलाला, आवडत्या माणसाला, राजाच्या मर्जीतल्या दरबाऱ्यालाही लावला जाई. पतिपत्नींमधले संबोधन हा त्याचा एक विशेष वापर होय. या मूळ अर्थाला मराठीत जवळचा प्रतिशब्द आहे, पण तो शब्द नसून वाक्प्रचार आहे : 'गळ्यातला ताईत'. लोकप्रिय नटाला इंग्रजी वर्तमानपत्र जनतेचा 'डार्लिंग' म्हणते, तेथे 'गळ्यातला ताईत' अगदी नेमका बसतो. 'जनतेचा प्रियकर' म्हणणे अनर्थ होय. मराठी नाटक-चित्रपटांत हा शब्द आला तो बहुधा विलायती वळणाच्या, दिखाऊ पात्राच्या तोंडी. त्यामुळे मराठी कानाला त्यात प्रेमापेक्षा थाट अधिक ऐकू येतो. अनोळखी स्त्रीला उद्देशून तो वापरल्यास काय होते, याचा निवाडा तर न्यायालयातच झाला आहे. २०२४ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने अनोळखी स्त्रीला 'डार्लिंग' म्हणणे हे लैंगिक सूचकता असलेले, अपमानास्पद बोलणे ठरविले. इंग्लंडातील एखाद्या गावी भाजीवाली गिऱ्हाइकाला हाच शब्द सहज लावील आणि कोणी वळूनही पाहणार नाही. शब्द तोच, कोण, कोणाला आणि कोठे, एवढेच बदलले.

'बिलव्हेड' हा लिखित भाषेचा, धर्मग्रंथाचा आणि थडग्यावरच्या लेखाचा शब्द. १६११ च्या इंग्रजी बायबलमुळे त्याला जे गांभीर्य लाभले ते अद्याप उतरलेले नाही. गीतरत्नाच्या मराठी भाषांतरात त्याच्या जागी 'वल्लभ' हा शब्द योजलेला आढळतो. ही निवड चांगली म्हटली पाहिजे, कारण 'वल्लभ'ही बोलीतला नाही, ग्रंथातला आहे. दोन्ही शब्द स्वयंपाकघरात शोभत नाहीत. 'स्वीटहार्ट' हा प्रियाराधनाच्या काळाचा शब्द, विवाहाआधीचा. 'लव्हर' हा तर एके काळी नुसता प्रेम करणारा होता. आज त्यात शरीरसंबंध गृहीत धरला जातो. संतांच्या भगवत्प्रेमाविषयी लिहिताना तो घालणाऱ्या विद्यार्थ्यास हे सांगावेच लागते.

सर्वांत फसवा शब्द म्हणजे 'लव्हड वन'. अर्थ सरळ दिसतो : ज्यावर प्रेम आहे ती व्यक्ती. तथापि प्रत्यक्ष व्यवहारात तो विमा कंपन्यांच्या, रुग्णालयांच्या आणि अंत्यसंस्कार करणाऱ्यांच्या भाषेत रुळला आहे, आणि त्याला मृत्यूची वा आजाराची सावली चिकटली आहे. ईव्हलिन वॉ या कादंबरीकाराने १९४८ साली अमेरिकेतील अंत्यसंस्काराच्या धंद्यावर उपरोधिक कादंबरी लिहिली, तिचे नावच 'द लव्हड वन' असे आहे. तेव्हा धडधाकट पतीचा उल्लेख 'माय लव्हड वन' असा केल्यास वाचणारा क्षणभर हळहळण्याची शक्यता आहे.

हे शब्द नातेनिरपेक्ष आहेत, ही त्यांची मोठी खूण होय. 'डार्लिंग' मुलाला म्हणता येते, पत्नीला म्हणता येते, मैत्रिणीला म्हणता येते. भेद आहे तो जवळिकीचा आणि प्रसंगाचा. मराठीची वाटणी याच्या उलट आहे. येथे नाते आणि वडीलकी आधी ठरते, जिव्हाळा त्या चौकटीत राहून बोलतो. आपल्या जुन्या पत्रांचे मायने पाहावेत. वडिलांना 'तीर्थरूप', वडिलांसमान परक्या व्यक्तीला 'तीर्थस्वरूप', मुलाला 'चिरंजीव', सुवासिनीला 'सौभाग्यवती', विधवेला 'गंगाभागीरथी'. इंग्रजी पत्रलेखक या साऱ्यांना एका 'डिअर'मध्ये बसवितो. 'प्रिय' हा मायना आपल्याकडे सर्रास झाला तो या 'डिअर'च्या वळणावर, असे म्हणण्यास जागा आहे. आणि म्हणूनच वडिलांना 'प्रिय बाबा' लिहिताना पिढीचा बदल जाणवतो. 'गंगाभागीरथी' गेला याचे दुःख कोणी करू नये. पण त्या मायन्यांत लिहिणाऱ्याचे आणि वाचणाऱ्याचे स्थान पहिल्याच शब्दात निश्चित होत असे, हे विसरून जुनी पत्रे भाषांतरित करता येणार नाहीत.

'लाडका' या शब्दाचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. लाड वरून खाली वाहतात. मुलगा लाडका असतो, नात लाडकी असते, धाकटी बहीण लाडकी असते. 'लाडके आजोबा' हा प्रयोग आता रूढ होत असला तरी जुन्या कानाला तो खटकतो, कारण नातवाने आजोबांचे लाड करावयाचे नसतात. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना आणली, तेव्हा इंग्रजी वृत्तपत्रांनी 'लाडकी बहीण' हे शब्द बहुधा तसेच ठेवले. ते बरे केले. 'डिअर सिस्टर'मध्ये औपचारिकता येते, 'बिलव्हेड सिस्टर'मध्ये प्रवचन येते, आणि देणारा थोरला व घेणारी धाकटी, हा जो अर्थ मराठी नावात आहे तो दोहोंतूनही निसटतो. तो अर्थ इष्ट की अनिष्ट, हा वेगळा वाद.

सर्वनामाची कसोटी लावून पाहिली तर हा भेद अधिक स्पष्ट होतो. रॉजर ब्राऊन आणि अल्बर्ट गिलमन यांनी १९६० साली युरोपीय भाषांतील एकेरी-अनेकवचनी सर्वनामांचा अभ्यास करून त्यांमागे सत्ता आणि सलगी ही दोन तत्त्वे दाखविली. मराठीत 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' अशी तीन पदे आहेत. 'डार्लिंग' हा शब्द 'तू'शिवाय उभा राहू शकत नाही. 'तुम्ही'सह उभा केला की प्रहसन होते. 'डिअर' दोहोंसह चालतो. देवाला आणि आईला मराठी माणूस 'तू' म्हणतो, बापाला अनेक घरांत 'तुम्ही'. म्हणून तुकोबांचा विठ्ठलाशी चाललेला संवाद इंग्रजीत नेताना आईशी होणाऱ्या अरेतुरेचा सूर सांभाळावा लागतो. फ्रेझर आणि मराठे यांच्या विसाव्या शतकाच्या आरंभीच्या भाषांतरापासून दिलीप चित्रे यांच्या 'सेज तुका' (१९९१) पर्यंतचा प्रवास या एका दृष्टीने तपासण्याजोगा आहे. तो स्वतंत्र निबंधाचा विषय होईल.

आता दोन लेखनव्यवहार पाहू, जेथे ही निवड मराठी स्त्रियांना किंवा त्यांच्या भाषांतरकारांना प्रत्यक्ष करावी लागली.

पहिले उदाहरण आनंदीबाई जोशी यांचे. गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी लिहिलेले पत्र अमेरिकेतील एका मिशनरी नियतकालिकात छापले गेले, आणि १८८० मध्ये ते न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या वाचनात आले. त्यांनी पत्र पाठविले आणि पत्रव्यवहार सुरू झाला. पंधरा वर्षांची आनंदीबाई, कधी न पाहिलेली परकी स्त्री, आणि इंग्रजी भाषा. काय म्हणून हाक मारावी? 'डिअर मिसेस कार्पेंटर' इंग्रजी संकेताला पुरेसे होते. 'डिअर फ्रेंड'ही चालले असते. आनंदीबाईंनी त्यांना 'आँट' केले. इंग्रजी 'आँट'मध्ये आत्या, काकू, मामी, मावशी साऱ्याच मावतात. परंतु मराठी चरित्रांतून कार्पेंटरबाई ओळखल्या जातात त्या 'मावशी' म्हणून. 'माय मरो पण मावशी जगो' म्हणणाऱ्या भाषेत या नात्याचे वजन काय आहे, ते सांगावयास नको. जिव्हाळ्याचे तयार इंग्रजी विशेषण पुरेसे न वाटून आनंदीबाईंनी नातेच जोडले, आणि इंग्रजी वाक्यात मराठी व्यवस्था नेऊन बसविली. हा औपचारिक शिष्टाचार नव्हता. १८८३ साली त्या कार्पेंटरांच्या घरी उतरल्या. १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेऊन परतल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांची रक्षा कार्पेंटरांकडे पाठविण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनस्थळात ठेवली गेली.

दुसरे उदाहरण रमाबाई रानडे यांचे. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) या ग्रंथात त्या न्यायमूर्तींचा निर्देश 'स्वतः' या शब्दाने करतात. पतीचे नाव घ्यावयाचे नाही, हा संकेत. आणि 'हे' किंवा 'इकडून' यांपेक्षा वेगळा, काहीसा अलिप्त वाटणारा हा शब्द. वरवर पाहता त्यात प्रेमाचा अंशही नाही. परंतु ग्रंथ वाचीत जावे तसा हा कोरडा शब्द भरत जातो. ज्याचे नाव घेण्याचीही गरज नाही, घरात दुसरा 'स्वतः' असूच शकत नाही, अशा व्यक्तीचे ते नाव होऊन बसते. कॅथरिन व्हॅन अकिन गेट्स यांनी १९३८ साली या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले आणि त्याला नाव दिले 'हिमसेल्फ'. आयर्लंडच्या इंग्रजीत घरधन्याचा उल्लेख 'हिमसेल्फ' असा करण्याची रीत आहे, त्यामुळे शब्दशः भाषांतर असूनही त्याला इंग्रजीत उभे राहण्यास जमीन मिळाली. कुसुमावती देशपांडे यांच्या १९६३ च्या भाषांतराचे नाव 'रानडे : हिज वाइफ्स रेमिनिसन्सेस' असे आहे. त्या नावात पती प्रथम येतो आणि आठवणी सांगणारी त्याच्या पत्नीच्या रूपाने येते. माहिती पुरी मिळते, पण रमाबाईंचा आवाज शीर्षकातून नाहीसा होतो. प्रस्तुत लेखकाचा कौल गेट्स यांच्याकडे आहे. 'माय बिलव्हेड हजबंड' असे कोणी लिहिले असते तर ते खोटे ठरले नसते. फक्त ते रमाबाईंचे राहिले नसते.

लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त पतीला सरळ 'टिळक' म्हटले. जोसेफिन इंकस्टर यांच्या १९५० च्या भाषांतरापुढे या बाबतीत अडचण नव्हती. आडनाव कोणत्याही भाषेत आडनावच राहते. मात्र त्या आडनावातील मिश्कील बरोबरी इंग्रजी वाचकाला कितपत जाणवते, याविषयी शंका वाटते, कारण इंग्रज स्त्रीने पतीला आडनावाने संबोधण्यात तेवढे धाडस नाही.

सुशिक्षित स्त्रियांच्या या लेखनाहून अवघड प्रश्न आहे तो जात्यावरच्या ओव्यांचा, आणि येथे आपण पुन्हा नीरा डाव्या कालव्याच्या प्रदेशात येतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रयत्नाने महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. पुणे जिल्ह्याचा त्यात मोठा वाटा आहे आणि इंदापूर तालुक्यातील बायकांच्या ओव्याही त्यात आहेत. २०१७ पासून हा संग्रह 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'च्या द्वारे इंग्रजी भाषांतरासह प्रकाशित होऊ लागला. म्हणजे काटेवाडी-सणसरच्या परिसरातील एखाद्या आजीने पहाटे दळताना वापरलेल्या शब्दाला इंग्रजीत काय म्हणावे, हा आता केवळ वर्गातला प्रश्न राहिलेला नाही.

ओवीतला 'सखा' घ्या. लावणी आणि भावगीत यांवर पोसलेल्या वाचकाला सखा म्हणजे प्रियकर वाटतो. परंतु 'सख्खा' या शब्दाशी त्याचे नाते आहे. सखा भाऊ म्हणजे एका आईच्या पोटचा. ओवीत सासुरवाशीण ज्याची वाट पाहते, जो तिला माहेरी न्यावयास येणार असतो, तो सखा पुष्कळदा तिचा भाऊ असतो. तेथे 'लव्हर' किंवा 'स्वीटहार्ट' लिहिणे म्हणजे बहिणीच्या तोंडी प्रियकराची भाषा घालणे होय. 'बिलव्हेड' त्याहून सुरक्षित वाटतो, पण तोही ओवीला गूढ प्रेमगीताकडे ढकलतो. 'माय ओन ब्रदर' यातील 'ओन' हा साधा शब्द येथे अधिक कामाचा आहे. कारण सखा या शब्दात आधी 'माझा' आहे, 'प्रिय' नंतर येतो. लावणीतल्या 'राया' आणि 'सजणा'ची गोष्ट निराळी. ते श्रोत्यांदेखत, फडावर, उघड शृंगाराचे शब्द आहेत आणि तेथे 'डार्लिंग', 'स्वीटहार्ट' यांना पुष्कळ मोकळीक आहे.

मुलाला ओवीत 'राघू' म्हणतात, मुलीला 'मैना'. इंग्रजीत 'माय पॅरट' म्हटले की घोकंपट्टी करणारा पोपट डोळ्यांपुढे येतो. 'डार्लिंग बॉय' अर्थाला जवळ जातो, कारण त्या शब्दाच्या मुळात लेकराचे लाडच आहेत. पण राघू-मैना ही जोडी तुटते आणि लेक उडून जाणार आहे, हा पाखराच्या नावातच दडलेला भाव हरवतो. अशा ठिकाणी मूळ शब्द ठेवून पहिल्या प्रसंगी तो उलगडून सांगणे, हाच मार्ग बरा दिसतो. वाचकाला दोन ओळी थांबावे लागले तरी चालेल.

पतीचे काय? ओवीत तो 'कंथ' असतो, 'भ्रतार' असतो, 'धनी' असतो. आणि पुष्कळ वेळा तो माणूस म्हणून येतच नाही, 'कुंकू' म्हणून येतो, 'चुडा' म्हणून येतो. प्रेमाचा उच्चार करण्याची मुभा नसलेल्या स्त्रीने तो आपल्या अंगावरच्या वस्तूत ठेवला आहे. भाषांतरकार येथे दोन टोकांना जातात. 'हजबंड' लिहिले की अर्थ कळतो पण शब्द रेशनकार्डावरचा होतो. 'डार्लिंग' लिहिले की जी बाई उखाण्यावाचून नवऱ्याचे नाव घेत नाही, तिला आपण चारचौघांत त्याच्या गळ्यात हात टाकावयास लावतो. त्यात तिचे प्रेम वाढत नाही; तिने ज्या मर्यादेत राहून ते बोलून दाखविले ती मर्यादा आणि तिच्यातून काढलेली वाट, दोन्ही पुसली जातात. 'माय कुंकू' असे लिहून टीप द्यावी, की 'द रेड ऑन माय ब्रो' असे काही रचावे, याविषयी मतभेद होऊ शकतात. दुसऱ्या पर्यायात रंग येतो, परंतु ते कुंकू पुसले जाण्याची जी भीती मूळ शब्दात प्रत्येक उच्चारासरशी असते, ती इंग्रजी वाचकाला रंगातून कळणार नाही; आणि ओवीतील पतीविषयीच्या ममत्वाचा मोठा भाग त्या भीतीतच आहे.